वीस आकडे

गल्लीत त्याला भोंगेमास्तर म्हणत. त्याचा त्याला राग येत नसे; रागावायलाही अंगात त्राण लागतं. गिरणीच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून सव्वीस वर्षं झालेली. गेल्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गाठलं. जीव वाचला, पण छातीतली हवा कुठे गेली कोण जाणे! बँडमास्तरांनी स्पष्टच सांगितलं, दोन महिन्यांनी परीक्षा. एक सूर वीस सेकंद न थरथरता धरलात तर बँड, नाहीतर सुताच्या गोदामात पेट्यांवर नंबर टाकायचे.

झालं! रोज सकाळी स्वारी खाटेच्या कडेला. क्लॅरिनेटच्या तोंडाची पत्ती ओठांत भिजवायची, खालचा सूर लावायचा आणि धरून ठेवायचा. ना गाणं ना चाल, नुसतं भोंऽऽ. ऐकणाऱ्यांचे कान किटायचे, वाजवणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यायचा. सूर धरताना तो डोळे मिटायचा, म्हणून आकडे बायको मोजायची, भाजी चिरता चिरता.

पहिल्या आठवड्यात अकरा. मग पंधरा. महिनाभरात चक्क वीस!

"जमलं हो तुमचं," ती म्हणाली.

"जमलं कसलं, निघालो होतो वर," तो धापा टाकत म्हणाला. पण मनातून निर्धास्त झाला आणि पुढे तेवढाच सूर रोज घोटत राहिला.

परीक्षेच्या दिवशी बँडमास्तरांनी टेबलावर घड्याळ ठेवलं. त्याने सूर लावला. छाती नेहमीच्याच जागी रिकामी झाली. चौदा सेकंद.

"पुन्हा घ्या," मास्तर म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

दुसऱ्यांदा तेरा.

क्लॅरिनेट जमा करून तो घरी आला आणि दारातच बसला.

"अगं, घरी वीस व्हायचे ना?"

बायकोचा चेहरा पडला. "तुमचं तोंड लाल व्हायचं, मानेच्या शिरा फुगायच्या. मला बघवायचं नाही हो. दहाच्या पुढचे आकडे मी पटापट म्हणायची." ती रडायलाच लागली. "वाटलं, तुम्हाला हुरूप येईल."

ओरडावं असं त्याला फार वाटलं. पण मेलं तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"रडू नकोस," तो म्हणाला. "पण चौदा म्हणाली असतीस, तर मी पंधरासाठी बसलो असतो गं. महिना होता हातात."