पूजेतला पाना

देवावर भार टाकणं म्हणजे काय, हे मला पन्नाशीपर्यंत कळलं नव्हतं. हात जोडले की आपली जबाबदारी संपली, असं वाटायचं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहतो, स्वतःचा पिकअप चालवतो. एका वर्षी दसऱ्याआधी महिनाभर, ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून चीं-चीं आवाज यायचा. बायको म्हणायची, दाखवून घ्या. मी तिच्यावरच खेकसायचो आणि देवीची गाणी मोठ्याने लावायचो.

दसऱ्याला आमच्या मंडळाची देवी माझ्याच गाडीतून विसर्जनाला जाते. उतारावर गाडीपुढे बायका-मुलं नाचत चालतात. त्या सकाळी गाडी धुतली, झेंडूचं तोरण बांधलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हार आणायला खाली बाजारात गेलो. सिग्नलला गाणी एकाएकी बंद पडली. का, ते आजही ठाऊक नाही. गाडी थांबताना चाक खरखरलं आणि शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली.

"काका, ब्रेकचे पॅड संपलेत. लोखंडाला लोखंड घासतंय. उतारावर नेऊ नका."

आधी रागच आला. मग आमचा उतार डोळ्यांसमोर आला आणि हाराचं सोडून गाडी वळवली.

जवळच्या गॅरेजात मिस्त्रीने हत्यारं पाटावर पूजेला मांडली होती. त्या दिवशी ती उचलत नाहीत, हे मलाही माहीत. तरी गाडीत कोण बसणार आणि पुढे कोण चालणार, ते सांगितलं. तो पाटासमोर गेला. मग नमस्कार करून हळदकुंकू लागलेला पाना त्याने उचलला. चाक खोललं, तर पॅडवर नखाएवढाही थर नव्हता. शेवटचे कधी तपासले, त्याने विचारलं. मला गाडीच्या पूजा तिथीसकट आठवत होत्या, हे आठवेना. दर सर्व्हिसिंगला चाक खोलून बघा, थर तीन मिलिमीटरवर आला की बदला, आवाज आला तर दाखवायला एक दिवसही थांबू नका, असं तो नवे पॅड बसवताना सांगत राहिला. एरवी कुणाचं न ऐकणारा मी, निमूट ऐकत होतो.

संध्याकाळी देवी घेऊन उतरताना, निम्म्या उतारावर, अगदी गाडीपुढेच बायकोचा पाय मुरगळला आणि ती खाली बसली. मी ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली. उठून तिने आधी देवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अहो, केवढ्याने ब्रेक मारता? देवी हलली ना."

चुकलं, म्हणालो. रडू आवरत नव्हतं. देवीने कुणाकुणाच्या तोंडून सांगून पाहिलं होतं, पहिल्यांदा तर हिच्याच. भार टाकायचा म्हणजे देवीचं सांगणं ऐकून उठायचं, एवढंच मला उमगलं. बायको लंगडत पुन्हा बायकांत जाऊन नाचू लागली, आणि मी तिच्यामागे सावकाश गाडी उतरवत राहिलो.