टेंभुर्णीच्या भगवानची बिजली

जालन्याच्या स्टँडवरून टेंभुर्णीची एस.टी. सुटली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, आणि मी पाच वर्षं उशिरा निघालो होतो.

फौजेत मी कुत्र्यांना शिकवत असे. आमच्या तुकडीतल्या भगवानचे डोळे सरहद्दीवर सुरुंगात गेले. तेव्हा इस्पितळात मी त्याला म्हणालो होतो, “वाट दाखवणारं कुत्रं मी स्वतः शिकवून देतो.” मग बदली, निवृत्ती, साताऱ्याला घराचं बांधकाम. ते राहूनच गेलं. नव्वद सालानंतरच्या एका हिवाळ्यात अखेर निघालो.

दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, “कोणाकडं चाल्ले?”

“भगवान फौजींकडे.”

“बिजलीवाला? फाट्यावर उतरा. या गाडीच्या टायमाला उभा असंल तो.”

खरंच उभा होता, एकटा. पायाशी उंच, सडपातळ, काळी धनगरी कुत्री; हीच बिजली असणार.

“उस्ताद, पावलावरून वळखलं तुम्हाला,” तो म्हणाला.

घरी कौसल्यावहिनींनी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) वाढली.

“हे तुमची वाट पाहून राह्यले होते,” त्या म्हणाल्या. “मंग धनगराकडून मीच पिल्लू आणलं. डोळ्याला पट्टी बांधून रोज तिच्यासंगं शेतापर्यंत चालले. दोन पावसाळे गेले.”

दुपारी आम्ही तिघं शेताकडे निघालो. बिजली पुढे. मी मनात तिच्या चुका मोजत होतो. मध्येच हुंगते, मालकाच्या डाव्या हाताला चालत नाही. ओढ्यावरच्या फरशीपुलापाशी ती थांबली आणि भगवानच्या गुडघ्यांना आडवी झाली.

“चल,” भगवान म्हणाला. ती हलेना.

“हुकूम मोडणारं कुत्रं कामाचं नाही,” असं म्हणत मी रीत दाखवायला पुढे झालो. गवताखाली फरशीची कड पोखरलेली होती. मी कंबरेपर्यंत चिखलात!

“लागलं तर न्हाई ना?” भगवानने घाबरून विचारलं. मी नाही म्हणताच तो पोट धरून हसला.

वहिनी हात देत म्हणाल्या, “धनी चुकला तर ऐकायचं न्हाई, हे तिला पहिल्यांदा शिकवलं.”

धुऱ्यावर (बांधावर) कपडे वाळवत बसलो असताना मी विचारलं, “माझ्यावर रागावला होतास?”

“लई रागावल्तो. वर्षभर तुमचं नाव घेतलं न्हाई. आता आलात तर एक करा. बाजारातल्या गर्दीत ही बिचकते. तेवढं शिकवा.”

एका दिवसासाठी गेलेला मी आठ दिवस राहिलो. रोज सकाळी बिजलीला घेऊन दुकानांसमोरून, बैलगाड्यांमधून फिरलो. जवळून ट्रक गेला की ती माझ्या पायांत शिरायची. सहाव्या दिवशी शिरली नाही.

बाजाराच्या दिवशी भगवान तिच्यासोबत एकटाच आत गेला. वहिनी आणि मी लांब चहाच्या टपरीवर बसलो. त्यांचा चहा तसाच निवला. अर्ध्या तासाने गर्दीतून आधी बिजली दिसली, मागे भगवान. हातात बांगड्यांचा पुडा.

“बोटानं माप घेतलं. बराबर हाय का बघ.”

वहिनींनी तिथेच बांगड्या भरल्या. बराबर होत्या.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसलो. आयुष्यभर मी कुत्र्यांना फक्त ऐकायला शिकवलं, हे मनात येऊन थोडं वाईट वाटलं. पण फाट्यावर ते तिघं अजून उभे होते, आणि भगवानने हात बरोबर माझ्याच खिडकीच्या दिशेने हलवला.