शून्यावरचा काटा

फियाटभाऊंच्या गाडीतला वेगाचा काटा मी कधी शून्यावरून हललेला पाहिला नाही, आणि तरीही जुन्नर-आंबेगावात कुणी वेगाची गोष्ट काढली की नाव निघायचं ते त्यांचंच. काट्याची केबल कधीतरी तुटली होती. माझं आळेफाट्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, त्यामुळे पुण्या-मुंबईहून माल येतच असे. केबल मागवून देतो असं मी त्यांना कितीदा तरी म्हटलं. ते नको म्हणायचे. "शेठ, गाडी काट्यावर न्हाई, कानावर चालवायची असती," असं म्हणायचे आणि बसलेली माणसं माना डोलवायची. मी मात्र आतल्या आत दातओठ खायचो.

जळायचो, असंच म्हणा ना. माझ्याकडे पांढरी मारुती होती, कोरी घेतलेली. दर रविवारी मी ती स्वतः धुवायचो. एवढ्या वर्षांत तिला साधा ओरखडा उठला नव्हता. पण "शेठ गाडी काय चालवतो राव," असं एकाही माणसानं कधी म्हटलं नाही. लग्नाला, देवाला, दवाखान्यात जायचं निघालं की आमच्या पिंपळवंडीतली माणसं माझ्या दारावरून पुढे जाऊन भाऊंच्या दारात उभी राहायची. त्यांची फियाट दुसऱ्या नाही, तिसऱ्या हाताची. रंग मुळात कोणता होता यावर घरातही एकमत नव्हतं. मागच्या दाराला आतून सुतळी बांधलेली. त्या दारातून आत शिरायला लोक एकमेकांना ढकलायचे, आणि माझ्या मारुतीची चारही दारं कशी अलगद लागायची ते बघायला कुणी नसायचं.

भाऊ दिसायला अगदी साधे. बुटके, अंगानं रुंद, डोक्यावर गांधी टोपी. गाडी गावातून बाहेर पडेपर्यंत ते बाजाराला निघालेल्या माणसासारखे रमतगमत चालवायचे. मोकळा रस्ता लागला की टोपी काढून तिची घडी करायचे आणि मांडीखाली सरकवायचे. टोपी मांडीखाली गेली की मागच्या सीटवरचे लोक बोलणं थांबवून पुढची सीट धरत. मग भाऊ हँडलच्या बाजूचा गियर दोन बोटांनी असा टाकायचे, की चहात साखर ढवळतायत असं वाटावं. एकदा मीही मारुतीत टोपी घालून बसलो होतो. बायकोनं विचारलं, ऊन लागतंय का? मी टोपी मागच्या सीटवर टाकून दिली.

त्यांचं घराणं बैलगाड्याचं. आजा-पणजापासून दावणीला शर्यतीचे बैल. त्यामुळे भाऊंची भाषाही तिथलीच. कुठेही जाऊन आले की, शर्यतीतली एक धाव संपावी तसं, "एक बारी झाली" म्हणायचे, मग ती नारायणगावच्या बाजारापर्यंतची का असेना. घाट चढायच्या आधी बॉनेटला भंडारा लावायचे. त्यामुळे फियाटचं नाक कायम पिवळं असे. आणि ब्रेकवर त्यांचा मनापासून राग होता. "ब्रेक मारला म्हंजी चूक कबूल केली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चूक व्हायच्या आधीच पाय उचलायचा, वळण यायच्या आधीच वळण डोक्यात घ्यायचं, समोरच्या एसटीला काय करायचंय ते तिच्या ड्रायव्हरच्या आधी आपल्याला कळायला हवं, असा त्यांचा हिशोब. ऐकायला सोपं वाटायचं. मी पुष्कळ प्रयत्न केला. मला ते जमलं नाही, हे इथे एकदाच सांगून टाकतो.

पण माझ्या मनात खरी आग पेटली ती माझ्या लेकीच्या जन्माच्या वेळी. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सुमन आहुप्याला गेलेली. मी महिनाभर आधीच मारुतीला नवी टायरं टाकून, टाकी भरून तयार बसलो होतो. निरोप आला की आळेफाट्याहून निघायचं आणि बायकोला घेऊन दवाखाना गाठायचा, याची मी मनात कितीतरी वेळा रंगीत तालीम केली होती. कळा सुरू झाल्या त्या दिवस भरायच्या आधीच, आणि नेमके त्याच सकाळी भाऊ आहुप्यात तांदूळ घ्यायला आलेले. त्यांनी तांदळाचं पोतं तिथेच उतरवलं, सुमनला आणि सासूबाईंना मागे बसवलं आणि डिंभ्याच्या धरणाकडेनं घोडेगाव गाठलं. मी पोचलो तेव्हा लेक जन्मून दुपट्यात गुंडाळलेली होती आणि भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून चहा पीत होते. मला बघून म्हणाले, "या शेठ. बारी झाली. लक्ष्मी आली."

मी हात जोडले. दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून आमच्या घरात कुठलंही कार्य असो, सुमन ती गोष्ट सांगतेच. "भाऊंनी वाऱ्यासारखी गाडी आणली, पण पोटातलं पाणी हलू दिलं नाही." बायका तोंडाला पदर लावून हसतात आणि पुरुष माझ्याकडे बघतात. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी फेरी दुसऱ्याच माणसानं मारली होती, आणि ती वाढदिवसागणिक मला पुन्हा ऐकावी लागत होती.

पुढे चार महिन्यांनी मायलेकींना घरी आणायचं ठरलं. मी मारुती घेऊन गेलोच. सासूबाईंनी मात्र भाऊंनाही सांगावा धाडला होता. त्या म्हणाल्या, "ल्येकरू भाऊच्याच गाडीत जाईल, त्याचा पाय गुणाचा हाय." शेवटी सासूबाई आणि बाळ फियाटमध्ये बसले. सुमनला माझी दया आली असावी, ती माझ्या शेजारी येऊन बसली. पुढे फियाट, मागे मी. धरणाच्या कडेची वळणं सुरू झाली, भाऊंची टोपी डोक्यावरून उतरलेली मला मागच्या काचेतून दिसली आणि मी ठरवलं, आज अंतर पडू द्यायचं नाही.

मी घामाघूम झालो. प्रत्येक वळणावर ब्रेक दाबायचा, मग पुन्हा गाडी पळवायची. समोर फियाट मात्र पाण्यात सोडलेल्या होडीसारखी चाललेली, मागचा लाल दिवा एकदाही लागत नव्हता. अशात माझी नजर काट्यावर गेली. पंचेचाळीस. सरळ रस्त्याला पंचावन्न. पुढे मंचर सोडून नारायणगावचा मोठा रस्ता लागला, तिथे साठ, फार तर पासष्ट. एकशेदहा, एकशेवीस म्हणून ज्या वेगाच्या शपथा लोक खायचे, तो वेग एवढा होता. साठाला त्या फियाटच्या काचा थडथडायच्या, वारा तिकोनी काचेतून कानात शिरायचा, इंजिन गाणं म्हणायचं, आणि आत बसलेल्याला वाटायचं आपण उडतोय. भाऊ जोरात जातच नव्हते. ते फक्त कुठे थांबत नव्हते. मी सुमनला बोटानं काटा दाखवला. तिनं पाहिला आणि मान फिरवून बाहेर बघत बसली.

लाल दिव्याचा बल्ब गेला असेल अशी मला शंका होती. घरी पोचल्यावर काहीतरी निमित्त काढून मी भाऊंना ब्रेक दाबायला लावला. दिवा लख्ख लागला. म्हणजे तेही खरं होतं. पण वेगाचं खोटं माझ्या हातात आलं होतं, आणि सुमन सोडली तर ते जाणणारा दोन तालुक्यांत मी एकटाच, कारण त्यांच्या मागे चालू काट्याची गाडी घेऊन दुसरा कुणी धावतच नव्हता. मी ते जपून ठेवलं. चार माणसांत सांगायचं हे नक्की, कधी एवढंच ठरवायचं राहिलं होतं.

ती वेळ आली असं मला आण्याच्या घाटात वाटलं. बैलगाडा शर्यती बंद होत्या तो काळ. शौकिनांचे हात शिवशिवायचे. मग भाऊ, जुन्नरचे अँबॅसिडरवाले चाचा, ओतूरचे एक जीपवाले डॉक्टर आणि मी असे रविवारी सकाळी घाटाच्या पायथ्याला जमायचो. तिथे चहा व्हायचा आणि मग एकामागून एक घाट चढायचा. त्या दिवशी भाऊ म्हणाले, "शेठ, आज तुमी म्होरं व्हा." मी मारुती अशी हाणली की विचारू नका. आरशात फियाट लहान होत गेली. मी पठारावर सगळ्यांच्या आधी पोचलो, गाडीला टेकून उभा राहिलो आणि आता वेगाचं सगळं खरं सांगून टाकायचं म्हणून वाक्य जुळवू लागलो.

भाऊ आले, उतरले, थेट माझ्या मारुतीपाशी गेले आणि तिच्या बॉनेटवर थाप मारून सगळ्यांना म्हणाले, "घोडी लई झ्याक पळाली आज."

बैलगाड्यात बैलांच्या पुढे घोडी पळवतात. तिच्या मागे बैलांनी जोर धरावा म्हणून. बक्षीस बैलांना, गुलाल बैलांना, आणि घोडी पुढे जाऊन बाजूला उभी. चाचा हसून हसून रस्त्यावर बसले. त्या दिवसापासून माझ्या मारुतीला घोडी हे नाव पडलं ते ती विकेपर्यंत. माझं वाक्य घशातच राहिलं. त्यानंतर खरं सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, शेठ जळतोय. आणि ते खोटं नव्हतं.

भाऊंची गाडी सुटली ती साखरेच्या दुखण्यानं. नजर कमी होत गेली, पण ते कुणाला बोलले नाहीत. एका सकाळी आळेफाट्याच्या चौकात, माझ्या दुकानासमोर, त्यांनी कचकन ब्रेक मारला. समोर काहीच नव्हतं. मी बाहेर आलो तर ते हँडल धरून तसेच बसलेले. मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, सावकाश घरी गेले आणि फियाट कांद्याच्या चाळीत लावून टाकली. पुन्हा हँडलला हात लावला नाही. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

त्यानंतर त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात मीच न्यायचो, माझ्या नव्या गाडीतून. तिच्यात काटा नाहीच, आकडे उमटतात. भाऊंना ते दिसत नसत. एकदा मंचरच्या पुढे त्यांनी विचारलं, किती पळतीय? मी म्हणालो, नव्वद. त्यांनी काचेला कान लावला. मग समोर बघतच म्हणाले, "कळत बी न्हाई, न्हाई का? शेठ, तुमी कायम माज्या मागं असायचे. तुमचा काटा चालू व्हता. आपली फियाट शंभराच्या वर जायची ना?"

गाडीत आम्ही दोघंच. एक "हो" म्हणायला काय लागत होतं? मी म्हणालो, तेव्हा रस्ते मोकळे होते, भाऊ. ते "हां" म्हणाले, आणि पुढे दवाखाना येईपर्यंत आम्ही टोमॅटोच्या भावाबद्दल बोललो.

गेल्या पावसाळ्यानंतर भाऊ गेले. दशक्रियेला कुकडीच्या काठी माणूस मावेना. आमच्याकडे दहाव्याला माइक असतो आणि भाषणं होतात. माइकवर होता तो शर्यतींत बैलांची नावं पुकारणारा निवेदक, त्यामुळे भाऊंचं नावही त्यानं तसंच ताणून पुकारलं. चाचा बोलले, डॉक्टर बोलले. भाषणागणिक फियाटचा वेग वाढत होता. शेवटी निवेदक म्हणाला, "भाऊंच्या मागं ज्यांनी हयातभर गाडी पळवली, ते आपले शेठ आता खरं काय ते सांगतील."

मी उभा राहिलो. दोन्ही तालुके समोर बसले होते. याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. बायकांच्या बाजूला सुमन बसलेली दिसली. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, कारण तो काटा तिनंही पाहिला होता. मी माइक धरला आणि म्हणालो, "माझ्या मारुतीचा काटा एकशेवीसला टेकायचा. तरी भाऊंची फियाट मला कधी हाताला लागली नाही." एवढंच बोललो आणि खाली बसलो. चाचांनी डोळे पुसले.

परत येताना मी गाडी सावकाश चालवत होतो. पिंपळवंडीच्या फाट्यावर सुमन म्हणाली, "भाऊंनी ऐकलं असतं तर किती खूश झाले असते."

"म्हणून तर ते असेपर्यंत बोललो नाही," मी म्हणालो. मला ते हसत म्हणायचं होतं, पण जमलं नाही. सुमननं माझ्याकडे पाहिलं, आणि मी गाडी कडेला घेऊन उभी केली.