भागूबाईचा नवरा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत उस्तादांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. इमारतीच्या डोक्यावरच्या मशीन रूममध्ये बसून, ग्रीसने माखलेल्या हातांनी ब्रेक उघडता उघडता ते खाली लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी फोनवर असे काही बोलत, की त्या माणसांना वाटावं आपण उस्तादांच्या घरी पाहुणे आलोय. "लिफ्ट पडत नसते हो. मी वर आहे ना? तुम्ही मला एवढंच सांगा, सकाळी नाश्त्याला काय होतं?" रडकुंडीला आलेली माणसं हसत बाहेर पडायची. बोलण्यात त्यांचा हात धरणारं कंपनीत कोणी नव्हतं आणि नातेवाइकांत तर नव्हतंच.

त्यांचा एक किस्सा नातेवाइकांत सगळ्यांना पाठ होता. तरुणपणी त्यांच्याकडे एक दणकट मोटरसायकल होती. तिच्यावरून ते कुठे कुठे भटकले, पूर ओसरलेल्या नदीतून गाडी कशी काढली, हे सगळं रंगवून झालं की ते आवाज खाली आणायचे. "आणि मग एकदा घाटात गाडी जराशी घसरली. जराशी! मला खरचटलंसुद्धा नाही. पण आमच्या सरकारांनी अशी धास्ती घेतली, म्हणाल्या, गाडी विका, नाहीतर मी चालले माहेरी. आता गाडी ठेवू की बायको? विकून टाकली बाबा!" इथे सगळे पोट धरून हसायचे. बायकोही हसायची आणि चहाचे कप गोळा करून आत जायची.

या किश्शापायी तिला नाव पडलं, भित्री भागूबाई. उस्तादांच्या थोरल्या बहिणीने ते लाडाने ठेवलं. पुढे "भित्री" गळून पडलं आणि नुसती भागूबाई उरली. भाचरं तिला भागूमामी म्हणत. आता ही बाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. दिवसाला साठ-सत्तर लोकांचं रक्त काढायची. हातपाय झाडणारी पोरं, शीर सापडू न देणारे म्हातारे, सुई पाहूनच आडवे होणारे धिप्पाड गडी, सगळे तिच्याकडे. तिचा हात कधी हलला नाही. पण घरातलं भागूबाई हे नाव आणि लॅबमधला तो हात एकाच बाईचे आहेत, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेवीस वर्षांत उस्ताद मोटरसायकलवर एकदाही बसले नाहीत. लायसन्स मात्र दर वेळी न चुकता नवं करून घेत. ते पाकिटात असलं की किश्शाला वजन यायचं.

मग जावयाची आठ महिन्यांसाठी लांब बदली झाली. लेकही बरोबर निघाली. जायच्या आधी जावई आपली मोटरसायकल सासऱ्यांच्या इमारतीत आणून लावून गेला.

"बाबा, आठवड्यातून एकदा तरी फिरवून आणा. नुसती उभी राहिली तर बॅटरी बसेल. तुमच्यासारखा मुरलेला माणूस असताना मी दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ?"

"तू निर्धास्त जा रे," उस्ताद म्हणाले. "परत येशील तेव्हा गाडी तुला ओळखही दाखवणार नाही, मलाच मालक समजेल."

पहिल्याच रविवारी, बायको सकाळच्या पाळीला लॅबमध्ये गेलेली असताना, त्यांनी नवं हेल्मेट चढवलं आणि खाली उतरले. गाडी उंच होती, पायाचे नुसते चवडे टेकत होते. समोर बाकावर पेपर वाचणारे निवृत्त शिक्षक आणि फाटकापाशी वॉचमन, दोघांनी मान वर केली. उस्तादांनी गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी घोड्यासारखी उसळली. फाटक अंगावर येताना पाहून त्यांनी डावा पाय जोरात दाबला. त्यांच्या जुन्या गाडीचा ब्रेक डाव्या पायाला होता. हिचा उजव्या पायाला, आणि डाव्याला गिअर. गाडीने एक आचका दिला, बंद पडली आणि सावकाश, एखादं जनावर बसावं तशी, उस्तादांसकट आडवी झाली. उजवा आरसा मोडून फाटकाखाली गेला.

शिक्षक आणि वॉचमननी मिळून गाडी उचलली. "लागलं का?"

"छे! इथे कुणीतरी तेल सांडलंय बहुतेक."

वॉचमनने खालच्या कोरड्या ठणठणीत फरशीकडे पाहिलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, व्हिडिओवर. जावई म्हणाला, "बाबा, गाडी दाखवा ना, आठवण येते हो." उस्तादांनी बाल्कनीतून फोन खाली धरला. मोडकी बाजू त्यांनी मुद्दाम भिंतीकडे करून ठेवली होती, पण पोराची नजर तेज. "आरसा कुठे गेला?"

उस्तादांच्या तोंडून विचाराआधीच शब्द बाहेर पडले. जीभ सवयीची होती. "अरे, काय सांगू तुला! तुझ्या सासूबाई! मागे बसताना इतक्या घाबरल्या, माझ्या खांद्याला अशा लोंबकळल्या, की उभी गाडी आडवी!"

पलीकडे लेक खळखळून हसली. "आई पण ना! भागूबाई ती भागूबाईच!"

बायको मागेच वाळलेले कपडे घड्या घालत बसली होती. उस्तादांना ते माहीत होतं, आणि तरीही ते बोलून गेले होते. ती उठली, फोन हातात घेतला. "हो गं, घाबरले जरा," असं म्हणून लेकीची, तिच्या नव्या घराची चौकशी केली, तब्येतीला जप म्हणाली आणि फोन बंद करून त्यांच्या हातात दिला.

"मी आज बारापर्यंत लॅबमध्ये होते," ती म्हणाली. "निदान मी घरी असेन असा दिवस तरी निवडायचा."

आवाज चढवला नाही, काही नाही. परत कपड्यांपाशी जाऊन बसली. उस्तादांचे कान तापले.

घाटात काय झालं होतं ते दोघांनाच ठाऊक होतं. तीन वर्षांच्या लेकीला आजीकडे ठेवून दोघं फिरायला निघाली होती. उतारावर, एका वळणात, बारीक खडीवरून चाक सरकलं. गाडी दरीच्या कडेला दोन हातांवर जाऊन थांबली. पडलं कुणीच नाही. तिने उतरून खाली डोकावून पाहिलं आणि चक्क हसली, "वाचलो की हो!" उस्ताद मात्र उतरले ते रस्त्याकडेला मटकन बसले. हात थरथरायला लागले ते थांबेनात. उठून गाडीपाशी जायचे, हँडल धरायचे आणि परत येऊन बसायचे. शेवटी रडायलाच लागले. तिने तासभर उन्हात उभं राहून एक टेम्पो थांबवला, ड्रायव्हरच्या मदतीने गाडी चढवली आणि नवऱ्याला हाताला धरून ड्रायव्हरशेजारी बसवलं. महिन्याभरात गाडी विकली गेली. का विकली, असं पहिल्यांदा कुणीतरी विचारलं तेव्हा उस्ताद म्हणाले, "हिला भीती बसली." एवढंच. एका वाक्यापुरतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. पुढे त्या वाक्याचा किस्सा झाला.

त्या रविवारनंतर उस्तादांना घरात बसवेना. ती समोर आली की ते उगाच खिडकीची कडी तपासायचे. बुधवारी एका दवाखान्याच्या लिफ्टमध्ये एक बाई अडकली. उस्तादांनी फोन घेतला, नेहमीप्रमाणे "घाबरायचं काही कारण..." म्हणाले आणि मध्येच थांबले. पलीकडून बाई विचारत होती, "हॅलो? आहात ना?" "आहे," ते म्हणाले. "घाबरलात तरी चालेल. मी काढतो बाहेर."

जावयाला खरं सांगायला त्यांनी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवून दिला.

मग ते रोज सकाळी तासभर लवकर उठायला लागले. गाडी चालू न करता ढकलत ढकलत बंद पडलेल्या गोदामामागच्या मोकळ्या जागेत न्यायची, तिथे चालवायची. क्लच, पहिला गिअर, उजवा पाय. सरळ जाणं दोन दिवसांत जमलं. वळण आलं की हात आखडायचे, मानेवरून घाम निथळायचा. पहिले चार-पाच दिवस तर ते वळणावर उतरून, गाडी हाताने वळवून, परत बसत होते. गोदामाच्या भिंतीपलीकडे राहणारी एक म्हातारी खिडकीतून हे सगळं बघायची. एकदा तिने विचारलंही, "गाडीत बिघाड आहे का हो?" उस्ताद खोटं बोलणार होते. मग म्हणाले, "नाही आजी, माझ्यात आहे." म्हातारीने समजल्यासारखी मान हलवली आणि खिडकी लावून घेतली.

घरी बायकोला त्यांचे धुळीचे बूट दिसत होते.

महिन्याभराने बहिणीने नव्या घरी सगळ्यांना जेवायला बोलावलं. दार उघडताच बहीण म्हणाली, "या भागूबाई! परत पराक्रम केलात म्हणे! लेकीने सांगितलं हो सगळं." आतून हशा उठला. उस्तादांनी सोडलेला शब्द त्यांच्याआधी इथे येऊन पोचला होता.

जेवणं झाली. भाऊजी म्हणाले, "हं उस्ताद, होऊन जाऊ दे. आरशाचा किस्सा."

उस्ताद उभे राहिले. बायको खाली मान घालून पाण्याचे पेले एकात एक बसवत होती.

"ताई," ते म्हणाले, "हिला भागूबाई म्हणू नकोस. आरसा मी मोडला. ही घरातसुद्धा नव्हती. आणि तेव्हा घाटात घाबरलो होतो तो मी. ही नाही."

भाऊजींनी टाळी वाजवली. "वा! बायकोला पाठीशी घालावं तर असं!" बहीण नवऱ्याकडे वळून म्हणाली, "शिका जरा माझ्या भावाकडून. कधी माझ्यासाठी असं बोललात?" भाचीने तर "किती गोड हो मामा," म्हणून फोनवर त्यांचा फोटोही काढला.

उस्तादांना वाटलं, आता बसावं. सांगून तर झालंय. वर शाबासकीही मिळाली. तो मोह त्यांना खरोखर झाला, आणि झाला म्हणूनच त्यांची त्यांना इतकी किळस आली की ते परत बोलायला लागले, नेहमीचा रंग न लावता, अडखळत.

"थट्टा नाही करत मी. मी रस्त्यात बसून रडत होतो. ही उन्हात उभी राहून गाड्या थांबवत होती. टेम्पोत हिने मला धरून बसवलं. माझी पँट ओली झाली होती, ताई. हिने तिची ओढणी माझ्या मांडीवर टाकली, ड्रायव्हरला दिसू नये म्हणून. आणि घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं की ही भित्री आहे. तेवीस वर्षं सांगतोय."

आता मात्र कुणी हसलं नाही. भाचीने फोन खाली ठेवला. भाऊजी आपल्या नखांकडे पाहत राहिले. बहिणीने भावजयीकडे पाहिलं, काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "आणि तू एवढी वर्षं गप्प बसलीस?"

"कुणी विचारलं का मला?" बायको म्हणाली आणि पेले घेऊन आत गेली.

परतताना दोघं बसमध्ये शेजारी बसली. बरेच थांबे गेले.

"पँटचं सांगायची गरज नव्हती," ती म्हणाली.

"नाहीतर कुणाला पटलं नसतं."

"मला लाज वाटली."

"तुला? तुला कशाची?"

ती बाहेर बघत म्हणाली, "मीही तुमच्याबरोबर हसतच होते ना. दर वेळी."

उस्तादांना वाटायचं, आपण फक्त खोटं बोललो. तिलाही त्यात रोज ओढत होतो, हे त्यांना त्या बसमध्ये कळलं. घरी पोचल्यावर त्यांनी जावयाला फोन करून सगळं सांगितलं. तो "बरं बाबा" म्हणाला आणि लेकीला फोन दिला. लेक "आईला दे" एवढंच म्हणाली. मायलेकी दार लावून तासभर बोलत होत्या. उस्ताद बाहेर बसून राहिले.

त्यानंतर नातेवाइकांत उस्तादांना किस्सा सांगा म्हणून कुणी गळ घातली नाही. बहीण भावजयीला काय म्हणून हाक मारावी या पेचात पडली. इतक्या वर्षांनी तिचं खरं नाव तोंडात बसेना, म्हणून नुसतं "अगं" म्हणायला लागली.

पावणेदोन महिन्यांनी एका सोमवारी बायको स्वतःच खाली येऊन गाडीपाशी उभी राहिली. "लॅबपर्यंत सोडता का?" उस्तादांनी मान हलवली. ती मागे बसली, पण खांदा धरला नाही, मागची दांडी धरली. रस्ताभर ते इतके सावकाश चालले होते की एक दूधवाला सायकलवरून त्यांना मागे टाकून गेला. मोठ्या वळणावर त्यांचे हात आखडले. मागे बसलेल्या माणसाला ते कळतंच. ते वळले, वेडेवाकडे, पण वळले.

लॅबसमोर उतरून तिने हेल्मेट त्यांच्या हातात दिलं आणि केस नीट केले.

"संध्याकाळी न्यायला येऊ?" त्यांनी विचारलं.

"बसने येईन मी."

चार पावलं गेल्यावर ती थांबली. वळून म्हणाली, "शुक्रवारी या. शुक्रवारी बसला फार गर्दी असते."