दुसऱ्यांदा धुतलेले शर्ट

विसरण्याच्या बाबतीत माझी कीर्ती जुनी आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा येवल्याच्या स्टँडवर बायकोला बाकावर बसवून मी तिकिटांची चौकशी करायला गेलो, समोर नाशिकची गाडी लागलेली दिसली, खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होऊन बसलो आणि थेट नाशिकला उतरलो. घरी आल्यावर आईनं विचारलं, "सूनबाई कुठंय?" तेव्हा कुठं मला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. बायको पुढच्या गाडीनं आली. आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "इथून पुढं लक्षात ठेवायचं काम माझं. तुम्ही फक्त बरोबर चला."

तेव्हापासून घरातली स्मरणशक्ती तिच्या ताब्यात आहे. गॅसचा नंबर, नातेवाइकांच्या तिथी, माझ्या गोळ्यांच्या वेळा, सगळं तिच्या डोक्यात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, त्या समारंभाला जाताना भाषणाचा कागद घरी विसरलो होतो. तोही तिच्या पर्समधून निघाला. मला हे सगळं सांगायला आवडतं. माझी फजिती मी स्वतःच इतकी रंगवून सांगतो की लोकांना हसायला माझ्या पाठीमागं जावं लागत नाही.

गेल्या वर्षी आम्ही युरोपच्या सहलीला गेलो. नाशिककराचा परदेश एरवी गावातल्याच कॅनडा कॉर्नरच्या सिग्नलपाशी संपतो, पण मुलीनं हट्टच धरला. इटलीत एका तळ्याकाठच्या गावात सहा दिवस एकाच हॉटेलात मुक्काम, तिथूनच रोज बसनं फिरायचं. हॉटेलात धुलाईची सोय होती, पण एक बनियन धुवायला जेवढे पैसे सांगतात त्यात इथं नवे चार येतील. म्हणून बायकोनं निघतानाच तयारी केली होती. धुण्याच्या साबणाची वडी सुरीनं कापून केलेले सहा तुकडे, नायलॉनची दोरी, डझनभर चिमटे. तिचा खांदा धरला होता, त्यामुळं धुणं माझ्याकडं आलं. संध्याकाळी परत आलं की टबमध्ये धुवायचं, टॉवेलात गुंडाळून वर उभं राहून पाणी काढायचं आणि टबावर दोरी बांधून वाळत घालायचं. मी तीनच शर्ट नेले होते. एक अंगावर, दोन दोरीवर.

पहिल्याच संध्याकाळी टबाच्या वर, भिंतीतून लोंबणारी एक दोरी मला आयतीच दिसली. वाटलं, वा, काय माणसं आहेत, पाहुण्यांच्या धुण्याचीसुद्धा काळजी! मी तिला बनियन अडकवला, वजन पडावं म्हणून ओली पँटही टाकली. दोन मिनिटांत दारावर धडाधड थापा. हॉटेलची एक बाई आणि तिच्यामागं दोन दांडगे पुरुष आत घुसले. ती दोरी म्हणजे म्हाताऱ्यांनी टबमध्ये पडल्यावर मदतीसाठी ओढायची घंटा होती. मी पंचा नेसून, हातात साबण घेऊन उभा. बाईनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पँटकडं पाहिलं आणि फार सावकाश विचारलं, मी ठीक आहे का.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना कळलं होतं. येवल्याचे एक पैठणीचे व्यापारी आमच्या मागच्या सीटवर असायचे. ते रोज सकाळी विचारायचे, "काय साहेब, आज कोणाला बोलावलं?"

त्या रात्रीच्या जेवणाला मी मैफिलच जमवली. दोरीचा किस्सा झाला, येवल्याचा स्टँड झाला, आणि लोक हसताहेत म्हटल्यावर मला भरतं आलं. मी वडिलांच्या धोतराचा किस्सा काढला.

वडील रोज पहाटे गंगेवर जायचे. आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो. तिथं अंघोळ करून स्वतःचं धोतर स्वतः धुवायचे, कधी आईला हात लावू दिला नाही. पुढं वय झालं, गंगेवर जाणं बंद झालं, तेव्हा घरच्या मोरीत धुवायला लागले. आणि मग धुतलेलं विसरायला लागले. सकाळी धुवायचे, दुपारी दोरीवरून वाळलेलं काढून पुन्हा धुवायचे, दिवेलागणीला तिसऱ्यांदा. मी त्यांची नक्कल फार छान करतो. वाकलेली पाठ, धोतर हुंगून पाहणं, "हं, आजचं राहिलंच" असं म्हणून मोरीकडं वळणं. टेबलावर हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बायको हसली नाही. खोलीत आल्यावर एवढंच म्हणाली, "ते नका सांगत जाऊ हो."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलो तर शर्ट ओले होते. दमट नव्हे, ओले. टोकांतून पाणी ठिबकत होतं. आदल्या संध्याकाळी वाळत घातलेले टेरिकॉटचे शर्ट चोवीस तासांनी ठिबकतात कसे? तळ्याची हवा, असं म्हणून मी पुन्हा पिळून टाकले. चौथ्या दिवशीही तेच. साबणाचा ताजा वास. बसमध्ये ओलाच शर्ट घालून बसलो तर मागून आवाज आला, "साहेब, घाम आहे का गंगास्नान?" मी सगळ्यांबरोबर हसलो.

पण मनात मोजत होतो. काल धुतले. आज सकाळी पुन्हा धुतले का मी? सकाळचं काहीच आठवेना. दात घासले असतील, दाढी तर केलेली दिसत होती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या सकाळी एकसारख्याच असतात, कोणती सकाळ कोणत्या दिवसाची हे कशावरून सांगायचं?

मग मी एक परीक्षा घेतली. संध्याकाळी शर्ट धुतले आणि डाव्या तळहातावर पेननं लिहिलं, 'धुतले'. सकाळी उठून हात पाहिला, अक्षरं होती. शर्ट चाचपले, जवळजवळ वाळले होते. दिवसभर हाताला पाणी लागू दिलं नाही. संध्याकाळी खोलीत आलो, न्हाणीघराचं दार ढकललं. ठिबक, ठिबक.

वाळत घातलेल्या शर्टांखाली उभा राहून मी समोरच्या आरशात पाहिलं. पाठ त्यांचीच होती. नक्कल न करता वाकलेली. मला जे मैफिलीत सांगायचं नव्हतं, ते त्या आरशापुढं आठवलं. एके दुपारी वडील तिसऱ्यांदा मोरीकडं निघाले तेव्हा मी शेजारच्यांसमोर ओरडलो होतो, "अहो, किती वेळा धुणार? सकाळपासून तिसरी खेप आहे ही!" वडील थांबले. हातातल्या धोतराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी खोटं बोलतोय का, हे ते माझ्या तोंडावर शोधत होते. त्यानंतर त्यांनी धुतलंय की नाही हे कधी कुणाला विचारलं नाही आणि पुन्हा धुतलंही नाही. मळकं धोतर नेसून खिडकीशी बसून राहायचे. किस्सा सांगताना मी तिसऱ्या खेपेपाशी थांबतो.

बायकोला काही बोललो नाही. तिला काय सांगणार? लक्षात ठेवायचं काम तिचं, आणि आता तिला नवराच लक्षात ठेवावा लागणार.

शेवटच्या दिवशी नाश्ता झाला. रोजच्यासारखी बायको "गोळी घेऊन येते" म्हणून वर गेली आणि मी बसमध्ये जागा धरायला निघालो. निम्म्या वाटेत चष्मा नाही हे ध्यानात आलं. परत वर गेलो. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. कपडा आपटल्याचा आवाज. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, आत वडील आहेत. दार ढकललं.

आत बायको होती. बाह्या वर सारून, दुखऱ्या खांद्यानं टबात वाकून माझा शर्ट घासत होती.

पहिला विचार काय आला हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पहिला विचार आला, मी नाही! मी नाही तो! अंगातून ऊन पाणी वाहावं तसं वाटलं. पोरासारखं नाचावंसं वाटलं. मग ती मागं वळली.

"आलात होय? एक दिवस राहिलं की साचतं बघा. तुम्ही तर पाच दिवसांत साबणाला हात लावला नाहीत."

तिनं दोरीवरचा दुसरा शर्ट ओढला आणि थांबली. कापड बोटांत चोळून पाहिलं. नाकाशी नेलं.

"अहो," ती म्हणाली, "हा तर वाळलेला आहे. धुतलेला होता का हा?"

ती माझ्या तोंडाकडं पाहत होती. ती नजर मी ओळखत होतो. एकदा त्या नजरेला उत्तर देऊन चुकलो होतो.

"छे गं," मी म्हणालो, "धुवायचं विसरलो. तसेच मळके अडकवून ठेवले आणि तुला धुतले म्हणून सांगितलं."

तिचे खांदे सैल झाले. "वाटलंच मला. तुमचं हे असंच. कधी सुधारणार हो तुम्ही?" असं म्हणून तिनं तो शर्ट पाण्यात बुडवला. मी टबाच्या काठावर बसून राहिलो. खाली बस हॉर्न वाजवत होती. जन्मभर कमावलेला विसरभोळेपणा पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला होता.

नाशिकला आल्यापासून मी फार विसरतो. दूध दोनदा आणलं गेलं, मी विसरलो होतो. मुलीला एकाच सकाळी तीन फोन गेले, मीच तिच्या आईला पुन्हा लावायला सांगितला होता. भाजीत मीठ दोनदा पडलं, माझाच हात. मुलगी फोनवर काळजीनं म्हणते, "बाबा, तुम्ही डॉक्टरांना दाखवा बरं." बायको शेजारून सांगते, "मी नेते त्यांना. माझ्या मागंच लागलंय हे."

तिनंच मला नेलं. डॉक्टरांना मी आधी एकटा भेटून आलो होतो, त्यामुळं त्यांनी सहज केल्यासारखं दोघांनाही समोर बसवलं. लक्षात ठेवायला पाच शब्द सांगितले. मग हवा, नातवंडं, कांद्याचे भाव अशा गप्पा मारल्या, आणि तिला विचारलं, "काकू, मघाचे शब्द सांगा बघू."

"ऊस," ती म्हणाली. "तांब्या." मग हसली. "मला कशाला विचारता? यांना विचारा, यांच्यासाठी आलोय आम्ही."

डॉक्टर माझ्याकडं वळले. मी ठरवूनच गेलो होतो, तिच्यापेक्षा एकही जास्त सांगायचा नाही. "ऊस," मी म्हणालो. थोडा वेळ छताकडं पाहिलं. "तांब्या. बाकीचे गेले बुवा."

"बघा," बायको डॉक्टरांना म्हणाली, आणि टेबलाखाली तिनं माझा हात धरला.

डॉक्टरांनी मला नंतर फोन करायला सांगितलं. काय सांगणार आहेत ते मला कळलं होतं. रिक्षात बसलो. ती बाहेर पाहत होती, दुकानांच्या पाट्या हळू आवाजात वाचत होती. मी मनातल्या मनात लपवून ठेवलेले तीन शब्द काढायला घेतले. कुलूप. चिमणी.

तिसरा शोधत राहिलो. गंगापूर रोडचा सिग्नल गेला, आमची गल्ली आली.

"अगं," शेवटी मी विचारलं, "पाचवा शब्द काय होता गं?"

"मला काय विचारता?" ती म्हणाली. "तुम्ही विसरता म्हणून तर गेलो होतो ना आपण?"