डास धरणारे भाऊ

नवी नवरी होऊन मी चिखलीत आले, तेव्हा हिवताप खात्याचे एक भाऊ दर आठवड्याला आमच्या गोठ्यात डास धरायला येत. काचेच्या नळीत डास ओढताना त्या डासांनाच "या, बसा" म्हणत. मला हसू आवरत नसे.

एकदा दिल्लीचे साहेब परदेशी डॉक्टरांना घेऊन आले. भिंतींवर औषधाची फवारणी होऊनही डास कसे राहिले, हे दिल्लीच्या आणि त्या डॉक्टरांच्या, दोन्ही सरकारांना कळत नव्हतं.

"फवारणीच झाली नसेल," साहेब म्हणाले.

"झाली सायेब," भाऊ म्हणाले. " पन दिवाळीला भिंती सारवल्या, औषध शेनाखाली गेलं. वहिनींची चूक न्हाई. आपनच सनाआधी फवारलं."

डॉक्टरांनी भिंत खरवडली. खाली पांढरं औषध निघालं. त्यांनी हसत भाऊंचा हात हातात घेतला.

पुढच्या वर्षी फवारणी दिवाळीनंतर झाली. तेव्हा भाऊंना मी करंज्या वाढल्या.