साहेबाचा डावा पाय

आज संध्याकाळी आमच्या बियाणे कंपनीचा सगळा स्टाफ यवतमाळात हिपहॉपच्या पहिल्या क्लासले गेलता. हसा, हसून घ्या.

शिकवणाऱ्या मॅडमनं उजवा पाय सांगतला. साहेबानं डावा टाकला. मंग काय, आमी सगळ्यायनं डावाच टाकला. मॅडमले वाटलं, आपलंच सांगणं चुकून राह्यलं.

फक्त बोरी अरबची वैशाली, नवीनच लागलेली, बरोबर नाचत होती. मस्त नाचत होती. मी हळूच म्हटलं, "साहेबाकडं पाहून कर न वं."

ती म्हणे, "दादा, सकाळी मिटिंगमदी बी तुमी मले असंच गप्प केलं."

सकाळी साहेब म्हणाले होते, आपल्या कपाशीच्या वाणावर बोंडअळी येतच नाही. वैशालीनं घरच्या वावरातलं, त्याच वाणाचं अळी लागलेलं बोंड आणलं होतं. ती दाखवाले उठली, तं मीच तिले खुणावून बसवलं. मंग सगळ्यायनं माना डोलवल्या. मी बी.

आता तिनं गुपचूप डावा पाय टाकला. साहेब खूश. म्हणे, आता जमली टीम.

तवापासून मले माहीच लाज वाटून राह्यली. तुमच्यापैकी कोणी ते बोंड दाखवू दिलं असतं का? खरं सांगजा.

मी बी इथं लिहून राह्यलो ते यासाठीच, की या ग्रुपात साहेब नाही.